अशी कोणी पोट्टी इथं येत नाही

बी.ए. झाल्यावर दोन वर्षं मी एका संस्थेकडून गावोगाव फिरून किशोरी मुलींच्या आरोग्याच्या बैठका घेत होते. आमच्या मोहाडी तालुक्यातली करडीच्या आजूबाजूची गावं मला तोंडपाठ होती. कुठल्या घरी कुत्रं अंगावर येतं, कुठल्या घरची सासू सुनेला बैठकीला पाठवत नाही, सगळं ठाऊक. मग जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशकाची जागा निघाली. मी अर्ज केला. यादी लागली तेव्हा माझ्या नावासमोर लिहिलं होतं, अपात्र, एम.एस.डब्ल्यू. नाही. ज्याला ती जागा मिळाली तो बाहेरगावचा होता. रुजू झाल्यावर चौथ्या दिवशी त्यानं कुणाकडून तरी माझा नंबर घेऊन फोन केला आणि करडीला जायला बस किती वाजता आहे ते विचारलं. मी सांगितलं. परतीची कुठली तेही सांगितलं. फोन ठेवला आणि त्याच दिवशी समाजकार्याच्या त्या पदवीची, एम.एस.डब्ल्यू.ची, प्रवेश परीक्षा द्यायची असं पक्कं केलं.

बाबांना ते पटलं नाही. बाबा तुमसरला राईस मिलमध्ये मशीनवर होते. शिक्षणाला आमच्या घरात कधीच कुणी नाही म्हटलं नाही. मी दहावीला असताना बाबा विहारात सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाले होते की पोरगी जितकं शिकेल तितकं शिकवीन. त्यांचा संशय या शिक्षणावर होता.

"लोकाच्या घरी जाऊन त्याचं दुःख इचाराले डिग्री लागते?" ते म्हणाले. "मंग तू दोन वर्षं का करत होती?"

"तेच करत होते, बाबा. पण कागद नाही ना."

"कागद घेऊन दारात येणाऱ्या माणसाले पाहून लोक दार लावून घेते. मी लावतो."

अर्जाच्या झेरॉक्स काढायला गेले, तर दुकानदार माझे कागद चाळत म्हणाला, "ताई, रोज कॉलेजला कायले जाता? बाहेरच्या राज्यातून करून देतो. हजेरी नाही, फील्डवर्क नाही. दोन वर्षांनी पदवी घरपोच." त्याच्या मागच्या फळीवर जुन्या वह्यांचा गठ्ठा होता. त्यानं बोटानं तो दाखवला. "आणि रेग्युलर करायचं असंल तं ह्या पास झालेल्या पोरांच्या फील्डवर्कच्या डायऱ्या. नाव बदलून उतरवायच्या." मी माझे कागद त्याच्या हातातून काढून घेतले. घरी येऊन मोजले, एखादी मार्कलिस्ट त्यानं ठेवून तर घेतली नाही ना म्हणून.

प्रवेश मिळाला, भंडाऱ्याला खोली घेतली. तिथं गेल्यावर कळलं की या शिक्षणाचा अर्धा भाग वर्गात असतो आणि अर्धा बाहेर. आठवड्यातून दोन दिवस नेमून दिलेल्या गावात जायचं, लोकांशी बोलायचं, संध्याकाळी डायरीत लिहायचं आणि आठवड्याअखेर ती डायरी मार्गदर्शक मॅडमपुढे ठेवायची. केसवर्क, ग्रुपवर्क, सामुदायिक संघटन, हे सगळं त्या डायरीत दिसलं पाहिजे. डायरी नापास तर वर्ष नापास.

आमच्या मॅडम हुशार होत्या आणि कुणावर विश्वास ठेवत नसत. झेरॉक्सच्या दुकानातला गठ्ठा त्यांनाही माहीत होता. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "दरवर्षी एकच आजी पाच डायऱ्यांमध्ये मरते. मला ओळखू येतं." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

मला गाव मिळालं ते गोसीखुर्दच्या धरणात बुडालेल्या गावाचं पुनर्वसन. पवनीकडच्या बसनं जायचं, फाट्यावर उतरायचं आणि पुढे पायी. सरळ रेघा मारून पाडलेले प्लॉट, रुंद रस्ते, शाळा, समाजमंदिर. झाडं मात्र सगळी एका वयाची. पहिल्या दिवशी मी ओढणी नीट करून एका ओट्यासमोर उभी राहिले आणि नमस्कार केला. ओट्यावरच्या तिघी बायका उठून आत गेल्या. दुसऱ्या घरी एका माणसानं विचारलं, "कोणत्या हापिसातून?" मी म्हटलं, कॉलेजमधून, शिकायला आले. "शिकाले आमच्या घरी? कॉलेजात मास्तर नाही का?" असं म्हणून त्यानंही दार लोटलं.

चार आठवडे हेच. कॉलेजनं दिलेल्या हजेरीपत्रकावर गावातल्या कुणाची तरी सही लागायची. कुणी करेना. मी काही म्हटलं तरी त्यांचं उत्तर एकच, सह्या आम्ही मागे करून बसलो आहोत. जुन्या गावात धरणाचं पाणी शिरण्याआधी त्यांच्याकडे असेच कुणी कुणी आले होते. गोड बोलले, नावं लिहून नेली, घरातली माणसं मोजली, आणि पुढे त्या कागदांवरून कुणाचं नाव यादीतून गळलं तर कुणाचं दुसऱ्याच्याच जागी चढलं. कागदावर लिहिणारं माणूस म्हणजे विंचू, एवढं ते शिकले होते. माझ्या हातात तर कायम वही.

अखेर बोलली ती टोकाच्या प्लॉटवरची एक म्हातारी. मी तिला आजी म्हणायचे. जुन्या गावी नदीच्या काठाला तिची वांग्यांची वाडी होती. इथं तिनं अंगणात चार वाफे केले होते आणि त्या मातीला ती दिवसभर शिव्या द्यायची. मी तिसऱ्यांदा तिच्या दारावरून गेले तेव्हा ती वाफ्यातूनच ओरडली, "काहून फिरून राहिली वो रोज रोज? कोणाले पकडाले आली?"

"कोणालेच नाही, आजी. मले परीक्षा पास व्हायची आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाकी कारणांवर तिचा विश्वास बसला नसता. हे कारण तिला खरं वाटलं असावं.

"मंग ते बुक ठेव तथी अन् हे गवत काढ."

मी वही ओट्यावर ठेवली आणि गवत काढलं. त्यानंतर दोन महिने मी आठवड्यातले दोन्ही दिवस तिच्याकडे जात होते. हळूहळू शेजारच्या बायकाही येऊन बसू लागल्या. धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्यांच्याबरोबर मी दुसऱ्यांच्या शेतात, बांधीतही गेले. तरी सही कुणी केली नाही, आणि वही काढली की सगळ्या गप्प. म्हणून मी वही काढायचं सोडलं. भंडाऱ्याला खोलीवर येऊन आठवून आठवून लिहायचे.

एका दुपारी आजी एकटी होती. तिची सून चार महिन्यांपासून माहेरी होती आणि गावात सगळे म्हणत की म्हातारीनं छळून हाकलली. मी काही विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "हाकललीच मी. खरं हाय." मग वाफ्याकडे बघत सांगितलं. तिचा पोरगा बायकोला मारायचा. एकदा असं मारलं की तिचा हात उचलेना. दुसऱ्या दिवशी पोरगा कामावर गेल्यावर आजीनंच तिला फाट्यापर्यंत नेलं, बसमध्ये बसवलं आणि बजावलं की मी बोलावलं तरी येऊ नको. पोराला सांगितलं, माझ्याशी भांडून गेली.

"हे पोराले कळलं तं तो मले सोडणार नाही. अन् तिलेही नाही," ती म्हणाली. "तुले सांगतलं. तू परक्या गावची."

मी म्हटलं, कुणाला सांगणार नाही. आणि संध्याकाळी खोलीवर येऊन ते सगळं डायरीत लिहिलं. तारीख घातली, वार घातला. केसवर्कचा भाग माझ्या डायरीत तोपर्यंत कोराच होता. लिहिताना मला आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. अक्षरसुद्धा चांगलं काढलं.

मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हजेरीवर एकही सही नाही, आणि केस मात्र गोष्टीच्या पुस्तकासारखी." मी म्हटलं, लोक सही करत नाहीत. त्यांनी डायरी मिटून बाजूला ठेवली.

पुढच्या आठवड्यात, मला काही न सांगता, त्या स्वतः त्या गावाला जाऊन आल्या. मी त्या दिवशी आजारी म्हणून खोलीवर होते. सोमवारी त्यांनी मला बोलावलं.

"मी गावात सात घरी विचारलं. अशी कोणी पोट्टी इथं येत नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. त्या टोकाच्या घरच्या म्हातारीनंसुद्धा. डायरी कुणाची उतरवलीस?"

सात घरं! त्यातल्या चार घरी मी जेवले होते. हे सगळे मला तोंडावर गोड बोलून मागे हसत होते की काय, असं मनात आलं. आजीनंही? तिनं तर मला सुनेची गोष्ट सांगितली होती. की ती गोष्टही मला काहीतरी द्यायचं म्हणून रचलेली?

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेले. आजीनं मला पाहताच हात धरून आत ओढलं आणि दार लावलं. "तू कायले आली? तुह्या मागावर बाई येऊन गेली. चष्मेवाली. गाडी घेऊन. नाव घेऊन इचारत होती. आमी सगळ्यायनं सांगतलं, अशी कोणी पोट्टी इथं येत नाही म्हून."

सात घरांनी आपसात एक शब्द न बोलता मला वाचवलं होतं, आणि त्यात माझं वर्ष बुडत होतं. ती माझी मास्तरीण आहे, हे कळल्यावर आजी कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "मंग तिनं तोंडानं सांगावं नाही का? हापिसरासारखी उभी होती." मग तिनं विचारलं, "आता का करावं?"

"त्यांना परत घेऊन येते. खरं सांगा."

मॅडम यायला तयार झाल्या, पण त्यांना वाटत होतं की मी आता गावाला पढवून ठेवलं आहे. गाडीत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आजीच्या अंगणात तीन शेजारणी बसल्या होत्या. सगळ्या म्हणाल्या, हाव, ही येते, आमच्यासंगं रोवणीले होती. मॅडम मान हलवत होत्या. प्रत्येक हो त्यांना शिकवलेला वाटत होता. मग त्यांनी पिशवीतून माझी डायरी काढली, ते पान उघडलं आणि आजीला विचारलं, "तुमच्या सुनेला तुम्हीच बसमध्ये बसवून दिलंत ना? मुलगा मारायचा म्हणून?"

एका शेजारणीनं पदर तोंडावर घेतला. आजी आधी मॅडमकडे बघतच राहिली, मग त्यांच्या हातातल्या डायरीकडे, मग माझ्याकडे.

"हे तू लिहून ठेवलं?"

तिनं विळा उचलला आणि वाफ्यात जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून.

परतताना गाडीत मॅडम म्हणाल्या, "डायरी खरी आहे. माझी खात्री पटली." त्यांचा आवाज बारीक झाला होता. गोपनीयता हा विषय त्याच आम्हाला शिकवायच्या.

तीन शेजारणींनी ऐकलेली गोष्ट गावात किती वेळ राहणार? पुढच्या खेपेला गेले तर आजीचं दार बंद. शेजारीण कुजबुजली, "पोराले समजलं. म्हातारीले ढकललं त्यानं, मनगटाले लागलं. अन् उद्या सुनेच्या गावाले जातो म्हणून राहिला, संगं दोन जण घेऊन."

तिथूनच मॅडमना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, सुनेचं गाव कुठलं. दुपारपर्यंत त्या तालुक्याच्या ठिकाणी येऊन थांबल्या होत्या. आम्ही दोघी महिला आणि बालविकासच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो. तिथल्या बाईंनी आम्हालाच उलटसुलट विचारलं, तुम्ही कोण, तुमचा संबंध काय, त्या बाईनं स्वतः तक्रार केली आहे का. केली नव्हती. मग त्यांच्याच गाडीनं सुनेच्या माहेरी गेलो. सून दारात आली तेव्हा तिचा उजवा हात तिनं डाव्या हातानं धरलेला होता. तिचं पहिलं वाक्य होतं, "मायनं पाठवलं का तुमाले?" सासूला ती माय म्हणत होती. मी हो म्हटलं. ते खोटं होतं.

तिनं अर्ज लिहून दिला. दुसऱ्या दिवशी नवरा आला तेव्हा दारात तिचे दोन भाऊ आणि गावचे पोलीस पाटील उभे होते. तो शिव्या देऊन परत गेला. पुढे नोटीस गेली, तारखा पडल्या, आणि तो नागपूरकडे कुठंतरी कामाला निघून गेला. सून परत सासरी आली नाही. निभावलं म्हणायचं. पण ती गोष्ट त्या अंगणात बोलली गेली नसती तर म्हातारीला ढकलणं झालंच नसतं, हे मी कितीही वेळा मोजलं तरी तेवढंच निघतं.

वर्ष संपत आलं तेव्हा मी आजीकडे गेले. मनगटाची सूज उतरली होती. तिनं बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी डायरी पिशवीतून काढून तिच्यापुढे ठेवली. "आजी, यात तुमचं जे जे आहे ते वाचून दाखवते. तुम्ही म्हणाल ते खोडते."

तिनं मला पूर्ण डायरी वाचायला लावली. तिच्याबद्दलचं आणि बाकीच्यांचंही. मध्येच म्हणायची, "हे खोटं हाय, वांगे आठ दिवसांनी लागले होते." मी दुरुस्त करायचे. सुनेचं पान आलं तेव्हा तिनं पेनाकडे बोट दाखवलं. मी काळ्या पेननं ओळ न् ओळ खोडली. ती जवळ वाकून बघत होती, तिला वाचता येत नव्हतं तरी. एका जागी थोडं अक्षर दिसत होतं तिथं बोट ठेवून म्हणाली, "इथं अजून."

मॅडमकडे डायरी दिली. त्यांनी ते पान उलटून पाहिलं. "तपासलेल्या रेकॉर्डमध्ये खाडाखोड चालत नाही. गुण कापावे लागतील," एवढंच म्हणाल्या आणि कापले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक होते. त्यांनी ते पान प्रकाशात धरून पाहिलं, मागून पाहिलं.

"इथं काय होतं?"

"एका बाईंची माहिती, सर."

"काय माहिती?"

"सांगता येणार नाही."

"केसवर्कचं मूल्यमापन मी कशावर करू मग? उतरवलेलं होतं आणि मॅडमनी पकडलं, असं तर नाही?"

मॅडम शेजारच्याच खुर्चीवर होत्या. एका शब्दात त्या मला सोडवू शकल्या असत्या. त्या समोरच्या कागदांकडे बघत राहिल्या. आजही मला ठरवता येत नाही की त्या आजीसाठी गप्प होत्या, की काही बोलल्या तर आपली स्वतःची चूक बाहेर येईल म्हणून. त्यांना मी कधी विचारलंही नाही. मी पास झाले. केसवर्कला सगळ्यांत कमी गुण माझे होते.

दुसरं वर्षही पार पडलं. पदवी हातात आली, अर्ज केले, आणि दोन जागा हुकल्यावर तिसऱ्या ठिकाणी समुपदेशक म्हणून लागले. रुजू होताना कारकुनानं माझं प्रमाणपत्र खिडकीशी नेऊन शिक्का निरखला आणि पडताळणीला पाठवलं. उत्तर यायला तीन महिने लागले. ते तीन महिने ऑफिसमध्ये माझ्याशी सगळे जपून बोलत. हिचा कागद खोटा निघाला तर, असं प्रत्येकाच्या डोळ्यांत दिसायचं. मला राग आला नाही. बाहेरच्या राज्यातली घरपोच पदवी घेतलेला एकजण निवडयादीत माझ्या वरच्या क्रमांकावर होता.

आता माझ्यासमोर बायका येऊन बसतात. मला नोंद ठेवावीच लागते. फॉर्मच आहे, रकाने आहेत. बाई रडता रडता पेनाकडे बघते, मी पेन खाली ठेवते, ती बोलते, मग मी विचारते की यातलं काय लिहू. काही बायका म्हणतात, सगळं लिहा. काही म्हणतात, नाव सोडून लिहा. वरिष्ठांना रिकामे रकाने आवडत नाहीत. त्यांना वाटतं मी आळस करते.

नोकरी लागल्यावर एकदा आजीकडे गेले होते. ती वाफ्यातच होती. तिनं चहा टाकला, वांगी तोडून पिशवीत भरली. शेजारणीची शेळी चोरीला गेल्याचं सांगितलं, पलीकडच्या प्लॉटवाल्यानं कुंपण सरकवल्याचं सांगितलं. तासभर बोलत होती. बाबांची तब्येत विचारली, माझ्या लग्नाचं विचारलं. मी एकदा सहज म्हणून विचारलं, "सून कशी आहे आता?"

ती कपबशी विसळायला उठली. "असंल बरी," म्हणाली. "मले का मालूम."

तिच्या कोनाड्यात मोबाइल होता. तो तेवढ्यात वाजला. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. जाताना मधलं दार लोटून घेतलं.

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मागून ती हळू आवाजात बोलत होती आणि मध्येच हसत होती.